आईबरोबर इस्त्रिया: बेरामचं छोटं चॅपल, 1474 सालच्या भिंती आणि चार दिवस

दिवस 1, गुरुवार: म्युनिक ते पाझिन

आई यावेळी तीन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आलीये. राजवाडे, मोठमोठी कॅथीड्रल्स हे सगळं मागच्या वेळीच बघून झालं होतं आणि आता तिचे गुडघे फार पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून म्हणलं यावेळी एखादी छोटी जागा बघूया, जिथे गर्दी नसेल आणि बसून निवांत बघता येईल. माझ्या मनात कित्येक वर्षं बेराम होतं. क्रोएशियाच्या इस्त्रिया भागातलं टेकडीवरचं लहानसं गाव, गावाबाहेर दफनभूमीत एक चॅपल, आणि त्या चॅपलच्या आतल्या भिंती साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांनी भरलेल्या. परतीच्या वाटेवर स्लोव्हेनियात ह्रास्तोव्ल्ये लागतं, तिथेही तसंच एक चर्च आहे, मग दोन्ही जोडून चार दिवसांचा प्लॅन केला. मी, आई आणि नवरा. गाडी तोच चालवणार होता.

म्युनिकहून पाझिन, म्हणजे बेरामजवळचं शहर, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ऑस्ट्रियाचं विनिएट (हायवेचं टोल-स्टिकर) वेगळं, टाउअर्न हायवेचा टोल वेगळा, कारावांके बोगद्याचा वेगळा आणि स्लोव्हेनियाचं ई-विनिएट आधीच ऑनलाइन काढून ठेवलेलं बरं. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 ला शेंगेनमध्ये पण आला आणि त्याच दिवशी युरो पण सुरू झाला, त्यामुळे आईचा एकच व्हिसा चारही देशांना चालला आणि पैसे बदलायची कटकट नाही. घरून आईवडिलांना आणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय.

स्लोव्हेनियातल्या कोपरच्या अलीकडे च्र्नी कालचा व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा पूल, लागतो, एक किलोमीटरपेक्षा लांब आणि 95 मीटरपर्यंत उंच. त्याच्यावरून जाताना डावीउजवीकडे एकदम दरी उघडते आणि हवा बदलते, मागे डोंगर संपून समुद्राची उब येते. मग हायवे सोडला आणि बुझेतवरून छोट्या रस्त्याने संध्याकाळी पाझिनजवळच्या एका शेतघरात पोचलो. राहायची सोय तिथेच, वर दोन खोल्या आणि खाली मालकीणबाईंचं स्वयंपाकघर.

आई शाकाहारी. बाईंना आधीच कळवलं होतं, त्यांनी फुझी केली होती, म्हणजे हाताने गुंडाळलेला इथला पास्ता, आणि सोबत एक हिरवी भाजी अंड्यात परतून. आई अंडं खाते. तिने एक काडी उचलून बघितली, चावली आणि म्हणाली, "अगं, ही शतावरीची कोंबं आहेत." आणि खरंच, ते रानातलं अ‍ॅस्पॅरॅगस होतं, वसंतात इथले लोक झुडपांतून वेचून आणतात, किंचित कडू. आपली शतावरी त्याच कुळातली. पावसाळ्यात आमच्याकडे वाईच्या बाजाराला रानभाज्या घेऊन बायका बसतात, आईला ते आठवलं आणि बाईंना ते सांगायला तिने मला कामाला लावलं. मी नवऱ्याला, नवरा बाईंना, असं करत ती भाजी वाईपासून पाझिनपर्यंत पोचली.

दिवस 2, शुक्रवार: बेराम

सकाळी आधी पाझिनचा किल्ला बाहेरून बघितला. 983 साली त्याचा पहिला उल्लेख सापडतो. किल्ला उभा आहे तो एका भयानक घळीच्या काठावर, खाली पाझिनचित्सा नदी वाहत येते आणि शंभरेक मीटर खोल दरीच्या तळाशी डोंगराच्या पोटात शिरून दिसेनाशी होते. चुनखडीचा प्रदेश आहे, पाणी दगड खात खात आत उतरतं. आई कठड्यापासून चार हात लांबच उभी राहिली. दहा मिनिटांत निघालो, कारण मला बेरामची घाई होती.

बेराम पाझिनहून पाचसहा किलोमीटर. टेकडीवर गोल वसलेलं गाव, दगडी घरं, मधोमध सेंट मार्टिनचं चर्च. पण आपल्याला बघायचं ते चॅपल गावात नाही, ते गावाबाहेर एक किलोमीटरवर झाडीत आहे, आणि कायम कुलूपबंद असतं. किल्ली गावातल्या एका घरात असते. आधी फोन करून जायचं, किल्लीवाल्या बाई आपल्याबरोबर येतात, उघडतात, दाखवतात, पुन्हा कुलूप लावतात. मी फोन केला तेव्हा त्या शेतात होत्या, म्हणाल्या अर्धा तास. आईला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "मग काय, गुरवाकडे असते ना किल्ली देवळाची, तसंच." आणि ती चर्चच्या पायरीवर सावलीत बसून राहिली.

त्या अर्ध्या तासात मी तिला जेवढं माहिती होतं तेवढं सांगितलं. चॅपलचं नाव 'स्वेता मारिया ना श्क्रिलिनाह'. श्क्रिलिना म्हणजे दगडाची फरशी, लादी. म्हणजे लाद्यांवरची मेरी म्हणा. बेराममध्ये मेरीच्या नावाची एक मंडळी होती, गावकऱ्यांचीच, त्यांनी वर्गणीदारासारखं उभं राहून हे रंगवून घेतलं. रंगवणारा कास्तावचा व्हिन्सेंत, कास्ताव म्हणजे रियेकाजवळचं गाव, आणि त्याच्या हाताखाली मदतनीस होते. त्याने बाजूच्या दारावर लॅटिनमध्ये आपलं नाव आणि तारीख लिहून ठेवलीये, 8 नोव्हेंबर 1474. तारखेसकट! आपल्याकडे इतकी जुनी भिंत रंगवणाऱ्याचं नाव सहसा मिळत नाही, अजिंठ्यात एवढं काम आहे पण चित्रकार कोण ते कुठे लिहिलंय, म्हणून मला या तारखेचं फार अप्रूप आहे. नोव्हेंबरात थंडी पडायच्या आत संपवलं असणार असं मला आपलं वाटतं, कारण ओला गिलावा गोठला तर सगळं वाया जातं.

बाई आल्या. साठीच्या असतील, हातात माती तशीच, आणि हातात ही एवढी मोठी लोखंडी किल्ली. गाडीत आमच्याबरोबरच बसल्या. रस्ता द्राक्षमळ्यांमधून आणि मग ओकच्या झाडीतून जातो. चॅपलच्या भोवती कबरी आहेत, आजही वापरात असलेली दफनभूमी आहे, ताजी फुलं होती काही ठिकाणी. चॅपल बाहेरून अगदी साधं, उतरतं छप्पर, पुढे खांबांवरचा एक ओटा, तो नंतर 18व्या शतकात जोडलेला. नुसता फोटो बघून कुणी सांगणार नाही आत काय आहे.

गॉथिक म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर सीएसएमटी येतं, कमानी, टोकदार मनोरे, उंचच उंच. इथे त्यातलं काही नाही. इथे गॉथिक आहे ते चित्रांत. लांबसडक माणसं, कपड्यांच्या कडक घड्या, चेहऱ्यावर थोडासा विचारात पडल्याचा भाव, आणि गर्दी, एक इंच रिकामा सोडायचा नाही अशी गर्दी.

दार उघडलं तर आत आधी नुसता अंधार आणि चुन्याचा थंड वास. मग डोळे सरावले आणि भिंती हळूहळू वर आल्या. 46 चौकटी आहेत. खालपासून वरपर्यंत, पट्ट्यापट्ट्यांनी. मी वर्षानुवर्षं फोटोत बघितलेली चित्रं, पण फोटोत हे कळत नाही की खोली केवढीशी आहे, मधे उभं राहिलं तर सगळी माणसं आपल्याभोवती उभी आहेत असं वाटतं.

बाईंनी सांगायला सुरुवात केली, इटालियन आणि जर्मन मिसळून, आणि नवरा भाषांतर करायला लागला. आईने हात वर केला. "थांब जरा. मला बघू दे आधी."

आई वाईत तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. पहिली-दुसरीचे वर्ग. तिच्या वर्गात भिंतीवर तक्ते असायचे, गोष्टींचे, सणांचे, आणि जी पोरं वाचू शकत नाहीत त्यांना ती तक्त्यासमोर उभं करून विचारायची, सांग काय चाललंय. ती भिंतीजवळ गेली, चष्मा बदलला, आणि चौकटीमागून चौकट सरकत बोलायला लागली. "हे बाळंतपण आहे. बाळाला न्हाऊ घालतायत. हीच पोर इथे मोठी झाली, देवळात चालली. हे लग्न. हा देवदूत, निरोप घेऊन आला. ह्या दोघी एकमेकींना भेटतायत, दोघीही पोटुशा." मी काहीच सांगितलं नव्हतं. मेरीचा जन्म, तिला देवळात नेणं, तिचं लग्न, देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, सगळं बरोबर. किल्लीवाल्या बाई आईकडे बघत राहिल्या, त्यांना मराठी कळत नव्हतं पण आईचं बोट कुठे थांबतंय ते कळत होतं, आणि दर वेळी त्या मान हलवायच्या.

मी विचारलं, आई तुला मेरी कशी ओळखू आली. तर म्हणाली, मेणवलीच्या घंटेवर नाही का. मेणवली वाईपासून तीन किलोमीटर, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. तिथल्या घाटावर एक मोठी घंटा आहे, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली, आणि तिच्यावर बाळ घेतलेली मेरी आहे. आई दरवर्षी शाळेची सहल तिथे न्यायची. मीही त्या सहलीत गेलीये, घंटा आठवते पण मेरीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

उत्तरेच्या भिंतीवर तीन राजांचं आगमन आहे, जवळजवळ आठ मीटर लांब. बाळ येशूला भेटायला तीन राजे येतात एवढीच गोष्ट, पण व्हिन्सेंतने त्याची केवढी मोठी मिरवणूक केलीये, घोडे, स्वार, शिकारी, कुत्री, ससे, मागे डोंगर आणि झाडं. त्या काळी जर्मनी आणि नेदरलँड्सकडची छापील चित्रं, लाकडी ठशांची आणि तांब्याच्या पत्र्यांची, बाजारात फिरत होती आणि ह्या भागातले चित्रकार ती समोर ठेवून काम करायचे. म्हणजे कास्तावच्या गल्लीतला माणूस युरोपभरच्या ताज्या चित्रांशी जोडलेला होता. आणि तरी घोडे इथले आहेत, डोंगर इथले आहेत.

मग आपण मागे वळतो, म्हणजे दाराकडे तोंड करतो, आणि दारावर, बाहेर जाताना नजर जाईलच अशा ठिकाणी, ती ओळ आहे. मृत्यूचा नाच.

सांगाडा, माणूस, सांगाडा, माणूस, अशी सगळी ओळ. पोप आहे, कार्डिनल आहे, बिशप, राजा, राणी. मग छोटं पिंप घेतलेला खानावळवाला. मग एक लहान मूल. एक लंगडा भिकारी. चिलखत घातलेला सरदार. आणि एक व्यापारी, त्याच्या शेजारी टेबलावर पैसे मांडलेले. तो व्यापारी मी फार वेळ बघितला. बाकीचे सगळे ओढले जातायत तसे चालतायत, पण ह्याचा एक हात त्या पैशांकडे वळलाय, जणू सांगतोय की हे घे आणि मला सोड. सांगाड्याच्या तोंडाला ओठ नाहीत म्हणून तो हसतोय असं वाटतं, पण खरं तर त्याच्या चेहऱ्यावर काही नाही, तो फक्त पुढे चाललाय.

आणि वाद्यं! एक सांगाडा बॅगपाइप वाजवतोय. इस्त्रियात आजही बकऱ्याच्या कातड्याची 'मिह' नावाची तशीच पिशवी लग्नाकार्यात, जत्रेत वाजते. इथलं दोन सुरांतलं गाणं आणि वादन 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय. म्हणजे 1474 मधला बेरामचा शेतकरी इथून मान वर करून बघायचा तेव्हा त्याला त्याच्याच गावच्या लग्नातला सूर ऐकू येत असणार. आई म्हणाली, "वाजंत्री लावून न्यायला आलेत." आणि थोडं थांबून, "सगळ्यांना एकच वाजंत्री."

ह्या नाचाची कल्पना बेरामची नाही. 1348 च्या प्लेगने युरोप उलटापालटा करून टाकला, आणि त्यानंतरही साथी पुन्हा पुन्हा येत राहिल्या. पॅरिसमध्ये एका दफनभूमीच्या भिंतीवर 1424-25 मध्ये असा नाच रंगवला होता, तो आज नाही. जर्मनीतल्या ल्यूबेकचा 1463 चा होता, त्याच्या जागी 1701 मध्ये नक्कल आली, ती 1942 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. मोठ्या शहरातले, मोठ्या नावाचे गेले. आणि हा राहिला, एका खेड्याच्या दफनभूमीत, कारण 18व्या शतकात कुणालातरी ही चित्रं जुनाट वाटली आणि त्यांनी वरून गिलावा चढवला. 1913 मध्ये तो गिलावा काढला तेव्हा सगळं पुन्हा दिसलं. खिडक्या मोठ्या केल्या तेव्हा मात्र काही चित्रं कापली गेली. नाचाच्या खाली एका बाजूला दैवाचं चक्र आहे, दुसऱ्या बाजूला आदम आणि इव्ह, दोन्ही अर्धीमुर्धी. ती कापलेली कड बघताना वाईट वाटतं, एखाद्याच्या बोलण्यातून वाक्य गाळल्यासारखं.

रंग कसे टिकले हे पण सांगते, कारण आईने विचारलं होतं. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत दगड होत जातो, आणि रंग त्या दगडातच अडकतो. म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, घाई पण करायची आणि चुकायचं पण नाही. अजिंठ्याचं तंत्र वेगळं, तिथे मातीचा गिलावा, तो वाळल्यावर रंग. काही रंग इथेही भिंत वाळल्यावर लावत असत, निळा विशेषतः, म्हणून जुन्या फ्रेस्कोंमध्ये, म्हणजे अशा ओल्या गिलाव्यावरच्या चित्रांत, निळा सगळ्यात आधी गळतो.

बाहेर पडायच्या आधी बाईंनी एका ठिकाणी टॉर्च तिरका धरला. रंगावर ओरखडे दिसले, आणि नीट बघितलं तर ती अक्षरं होती. चौकोनी चौकोनी, खिडक्यांसारखी, मला एकही ओळखीचं नाही. ग्लागोलितिक लिपी. 9व्या शतकात स्लाव्ह लोकांसाठी तयार झालेली, आणि इस्त्रियात पुढे कित्येक शतकं पाद्री तीच वापरत होते. भिंतीवर खिळ्यानं, सुरीच्या टोकानं नावं, नोंदी कोरून ठेवायचे. माझे आजोबा मोडी वाचायचे. त्यांच्या कागदांची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे आणि घरात आता ते कुणालाच वाचता येत नाही. मी त्या अक्षरांपुढे उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात ती ट्रंकच होती.

फ्लॅश न वापरता दोनतीन फोटो काढले. तिकीट म्हणून थोडे पैसे बाईंच्या हातात दिले. आईने पर्समधून राजगिऱ्याच्या दोन वड्या काढून त्यांना दिल्या आणि बाईंनी त्या लगेच तिथेच, ओट्यावर बसून, खाल्ल्या. मग कुलूप.

दिवस 3, शनिवार: हुम आणि रोच

आज फार काही नाही, आईचे पाय दुखत होते म्हणून गाडीतूनच जास्त फिरलो. रोच ते हुम हा सात किलोमीटरचा रस्ता ग्लागोलितिक लिपीला वाहिलेला आहे, रस्त्याच्या कडेने दगडात कोरलेली अक्षरं आणि शिल्पं, अकरा ठिकाणं. काल ज्या लिपीचे ओरखडे बघितले ती इथे माणसाएवढ्या उंचीच्या दगडात उभी होती. एका लिपीसाठी कुणी असा अख्खा रस्ता सजवतं हे मला फार आवडलं, मोडीसाठी आपल्याकडे असं एखादं गाव व्हायला हवं असं मनापासून वाटलं, वाईला तर नक्कीच शोभेल.

हुम स्वतःला जगातलं सगळ्यात छोटं शहर म्हणवतं. दोन गल्ल्या, एक वेस, तिच्या तांब्याच्या दरवाजावर बारा महिन्यांची कामं. वेशीबाहेर दफनभूमीत सेंट जेरोमचं चॅपल आहे, आणि तिथली चित्रं बेरामच्याही तीनशे वर्षं आधीची, 12व्या शतकाची. किल्ली यावेळी गावातल्या खानावळीत. चित्रं फिकट झालीयेत, पण क्रूसावरून खाली उतरवतानाचं दृश्य बघण्यासारखं आहे. बेरामनंतर लगेच बघितलं म्हणून फरक स्पष्ट दिसला. इथली माणसं मूर्तींसारखी, समोर बघणारी, देवासमोर उभी राहिल्यासारखी स्तब्ध. तिथे बेरामला माणसं एकमेकांकडे बघतात, वाकतात, ओढतात, कुत्री भुंकतात. मधल्या तीनशे वर्षांत माणसांनी भिंतीवर हलायला सुरुवात केली.

खानावळीत वांगी आणि बटाट्याचं काहीतरी मिळालं. नवऱ्याने बिस्का घेतली, मिसलटो घातलेली इथली ब्रँडी. संध्याकाळी शेतघरी परत, बाईंनी मक्याची आणि राजम्याची मानेश्त्रा केली होती, मांस न घालता, मुद्दाम आईसाठी. त्यात भरपूर लसूण होता. आईने दोनदा घेतली.

दिवस 4, रविवार: ह्रास्तोव्ल्ये आणि परत

सकाळी आवरून निघालो, सीमेपलीकडे स्लोव्हेनियात ह्रास्तोव्ल्ये तासाभराच्या आत येतं. आणि इथे लांबूनच दिसतं काहीतरी वेगळं आहे. टेकाडावर एक दगडी कोट, आणि कोटाच्या आतून फक्त मनोऱ्याचं टोक वर आलेलं. ट्रिनिटीचं चर्च मुळातलं रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्याही आधीच्या काळातलं, आणि ही तटबंदी 16व्या शतकातली, तुर्कांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनं बांधलेली. गाव धोक्यात आलं की सगळे आत. आईला मी सांगितलं की हे म्हणजे गढी. तिने तटाला हात लावला.

इथली चित्रं 1490 ची. रंगवणारा यानेझ, तो पण कास्तावचाच! सोळा वर्षांत एकाच छोट्या गावातून दोन चित्रकार आणि दोन मृत्यूचे नाच, म्हणजे कास्तावमध्ये केवढी मोठी परंपरा असणार. इथेही वर चुना बसला होता, 1949 मध्ये योझे पोहलेन नावाच्या शिल्पकाराला त्याखाली रंग सापडले.

आतमध्ये तीन छोटे दालनं, खांब, कमानी, आणि छतापासून सगळं रंगलेलं. छताच्या कमानींवर वर्षाचे महिने आहेत, एकेका महिन्याचं शेतातलं, घरातलं काम. आईला खाली बसून मान वर करून बघायला त्रास होत होता म्हणून मी मोबाईलवर फोटो काढून तिला मोठे करून दाखवले आणि ती एकेक महिना ओळखत गेली, हा छाटणीचा, हा कापणीचा.

दक्षिणेच्या भिंतीवर खालच्या पट्टीत नाच. इथे वाद्यांकडे लक्ष जात नाही, लक्ष जातं ते हातांकडे. अकरा माणसं आणि अकरा सांगाडे, आणि प्रत्येक सांगाड्याने आपल्या माणसाचा हात धरलाय. पोप, राजा, राणी, कार्डिनल, बिशप, भिक्षू, श्रीमंत माणसं, एक तरुण उमराव, कुबडीवरचा भिकारी, मूल. ओळीच्या टोकाला मृत्यू स्वतः सिंहासनावर बसलाय, पुढे उघडी कबर, आणि तो झाकण धरून वाट बघतोय. श्रीमंतांपैकी एकाचा हात इथेही पैशाच्या थैलीकडे गेलाय. बेराममधल्या व्यापाऱ्याचा भाऊ म्हणा.

मी मुलाकडे बघत होते. बेराममध्ये ते नाचाच्या मधे कुठेतरी होतं आणि मी पटकन पुढे गेले होते. इथे जाता आलं नाही. सांगाड्याचा हात त्याच्या हातात, आणि मूल बिचकलेलं नाही, मोठ्या माणसाचं बोट धरून बाजाराला जावं तसं चाललंय. प्लेगच्या साथींमध्ये ज्यांनी हे बघितलं त्यांच्या घरातली अशी मुलं गेली असणार, आणि चित्रकाराने ती लपवली नाहीत, पण भिववून पण दाखवली नाहीत. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या वर्गातली एक मुलगी, दुसरीतली, तापाने गेली होती, मी तेव्हा लहान होते, मला घरातलं तिचं दोन दिवस न जेवणं आठवतं. तिने त्या मुलीचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी ते तिच्या तोंडून. ती पुढे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही, आम्ही दोघी तशाच उभ्या होतो आणि बाहेर नवरा कोटाला प्रदक्षिणा घालत होता.

कोटाबाहेर एका दगडावर बसून आईने तिची वही काढली. तिची सवय आहे, गेली तिथलं लिहून ठेवायची. तिने पानाच्या मधे रेघ मारली, एका बाजूला बेराम, एका बाजूला ह्रास्तोव्ल्ये, आणि कोण कोण नाचात आहे ते लिहायला लागली. खानावळवाला इकडे आहे तिकडे नाही. सरदार इकडे. भिक्षू तिकडे. राजा, राणी, पोप दोन्हीकडे. भिकारी दोन्हीकडे. मूल दोन्हीकडे. मग म्हणाली, मास्तर कुठेच नाही गं. मी म्हणलं, पुढच्या चॅपलमध्ये असेल. "असेल," म्हणाली, आणि वहीत मास्तर लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

परतताना कारावांकेच्या आधी दीड तास ट्रॅफिकमध्ये गेला, रविवारी संध्याकाळी निघणाऱ्यांनी हे धरूनच चला. बोगद्याच्या रांगेत उभं असताना आईने मावशीला वाईला व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला. तिला बेरामची भिंत पहिल्या चौकटीपासून सांगायला लागली, बाळाला न्हाऊ घालतायत इथून. तीन राजांच्या घोड्यांपर्यंत आली तेव्हा आम्ही बोगद्यात शिरलो आणि रेंज गेली. ऑस्ट्रियात बाहेर पडल्यावर तिने परत लावला, आणि म्हणाली, "हां, तर घोडे. आणि ऐक, मी आले की आपण दोघी मेणवलीला जाऊ, वाड्यातल्या भिंतींवरची चित्रं मी तीस वर्षं पोरांना दाखवली, पण स्वतः नीट बघितलीच नाहीत."